राजाने ओ दिली

एका राज्यात राजाला नावं उदंड होती, पण हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. राजाचं जन्मनाव उदयमल्ल. पण चोपदार रोज सकाळी ललकारत, 'शत्रुकाळ, भूमंडळभूषण, सूर्यकुलशिरोमणी, सिंहविक्रम...' आणि ललकारी संपेतो म्हातारे मानकरी उभ्याउभ्या डुलक्या काढत. ही सारी बिरुदं बिरुदनाथ नावाच्या मांत्रिकाची. तो सोन्याच्या डबीतून बिरुद काढी, राजाच्या कानात फुंकी, आणि दर बिरुदागणिक राजाचं अंग थोडंथोडं दगडाचं होई. आधी पावलं झाली, मग पोटऱ्या, मग गुडघे. दरबारी म्हणत, "महाराज हल्ली जागचे हलत नाहीत. काय हे गांभीर्य!" दगड कमरेपर्यंत चढला तेव्हा राजाची एकुलती एक लेक रेणुमती हिच्या ध्यानात आलं, की हे गांभीर्य नव्हे, हा शाप आहे.

राजाला ही हौस लागली कशी, तेही ऐका. तो नुकता गादीवर बसला होता. प्रधान म्हणाला, "महाराज, नदीकाठच्या लोकांनी आपल्याला नाव ठेवलं आहे." आता आपल्याकडे बारशाला नाव ठेवतात आणि पाठीमागेही नावं ठेवतात, राजाला दुसरंच आठवलं. प्रधान कानाशी लागून नाव सांगू लागला. ते पुरतं ऐकण्याआधीच राजा लालबुंद झाला. लगेच दवंडी पिटली, 'राजाला जो नाव ठेवील तो हद्दपार होईल.' त्याच दिवशी बिरुदनाथ राजवाड्याच्या दारात उभा राहिला. असल्या माणसांना वास बरोबर लागतो.

रेणुमती बागेत रडत बसली असता आंब्यावरची साळुंकी बोलली.

"राजकन्ये, का रडतेस?"

"माझा बाप दगड होतो आहे."

"प्रजेने दिलेल्या नावाने त्याला हाक मार. ते नाव मागून घेतलेलं नसावं, विकत घेतलेलं नसावं, भीतीपोटी उच्चारलेलं नसावं. आणि त्या हाकेला राजाने स्वमुखाने ओ द्यावी."

"न दिली तर?"

"दगड ओठांवर चढला, की राज्य बिरुदनाथाचं."

रेणुमतीने ऐकलं, पण अर्ध्याच कानाने. घाई झालेल्या माणसाला अटी ऐकू येतात, कळत नाहीत. ती धावत राजकवीकडे गेली. म्हणाली, "कविराज, प्रजा माझ्या वडिलांना काय म्हणते?"

"करुणासागर," कविराज म्हणाले. नाव त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं होतं.

रेणुमतीने राजापुढे येऊन हाक मारली, "करुणासागर!" तसा दगड सरसर छातीपर्यंत चढला. खिडकीतून साळुंकी म्हणाली, "मागून घेतलंस."

मग ती बाजारात गेली. गळ्यातला मोत्यांचा हार तोडून म्हणाली, "राजाचं नाव सांगेल त्याला मोती." काय गर्दी उसळली! दीनदयाळ, प्रजावल्लभ, पुण्यमेरू. ज्याने जन्मात राजा पाहिला नव्हता, त्यानेही तीन नावं सांगितली. त्यातलं गोड ते निवडून तिने हाक मारली, "प्रजावल्लभ!" आणि दगड थेट हनुवटीला भिडला.

"विकत घेतलंस," साळुंकी म्हणाली.

राजा क्षीण आवाजात म्हणाला, "रेणू, तुझा हात माझ्या हातावर आहे का गं? मला काही कळत नाही." हात होताच. आता चुकायला जागा नव्हती.

या वेळी तिने दागिने उतरवले, जाडंभरडं लुगडं नेसली आणि नदीकाठच्या बांधावर गेली, जिथे पहिलं नाव ठेवलं गेलं होतं. बांधाच्या मधोमध चिखलाचा एक देव बसला होता. डोळ्यांच्या जागी दोन कवड्या, कपाळी शेंदूर, पुढे भाकरीचा तुकडा. हा कोणता देव, असं विचारावंसं वाटलं, पण तिने जीभ चावली.

तेवढ्यात डोंगराकडून लोंढा आला आणि बांध फुटला. खाली सगळी भातशेती. बायाबापड्या टोपल्या घेऊन धावल्या, रेणुमतीही धावली. मातीची टोपली तिने जन्मात उचलली नव्हती. पहिली सांडली, दुसरी अर्धी पोहोचली.

"ए टोपलीवाले, नाचतीस काय? हितं टाक!" कोंडाबाई नावाची आडदांड बाई ओरडली.

खिंडार रुंदावत चाललं. कोंडाबाई कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि तिने आभाळाकडे नव्हे, त्या मातीच्या देवाकडे बघून टाहो फोडला, "चिखलोबा, धाव रे बाबा! पयल्यासारखा आडवा हो!"

सगळे तोच गजर करत तुटून पडले, आणि बांध सांधला गेला. मग चिखल निपटत कोंडाबाई आपण होऊनच म्हणाली, "पोरी, राजा तरणा हुता तवा असाच बांध फुटला. त्यो सवता खिंडारात आडवा पडला आनि म्हनला, टाका माती. वर आला तर निस्ते डोळे दिसत हुते! तवा माझ्या सासऱ्यानं नाव ठिवलं."

"राजाला चिखल म्हणायचं?"

"चिखल न्हवं गं, चिखलोबा! वाघाला वाघोबा, नागाला नागोबा. ज्याचा धाक वाटतो आनि ज्याच्यावर जीवबी हाय, त्यालाच ओबा लावत्यात. दवंडीपास्नं परक्याला ह्ये सांगत न्हाई. पर तुज्यासंगं चिखलात हुबी ऱ्हायले, तुझं कसलं भ्या?"

रेणुमतीला रडू आवरेना. "मावशी, तो माझा बाप आहे. दगड झाला आहे. हाक मारायला याल?"

कोंडाबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आदी न्हाई व्हय सांगायचं? चला रं समदी!"

भर दुपारी ती सगळी पलटण चिखलाच्या पायांनी दरबारी गालिच्यांवरून चालत गेली. पहारेकऱ्यांनी भाले आडवे धरले, पण कोंडाबाईने नुसते डोळे वटारले. आत बिरुदनाथ शेवटचं बिरुद फुंकत होता. दगड खालच्या ओठाला लागला होता.

"चिखलोबा!" रेणुमतीने हाक मारली.

राजाचे डोळे रागाने पेटले. ओ काही आली नाही.

"बाबा, प्रधानजी कानात सांगत होते तेव्हा तुम्ही 'चिखल' ऐकलात आणि उठलात. पुढचा 'ओबा' ऐकायला थांबला नाहीत. त्यांनी तुम्हाला नावं ठेवली नव्हती. त्यांनी तुमचं बारसं केलं होतं!" असं म्हणून तिने त्याच बांधाचा चिखल राजाच्या दगडी तळव्यावर ठेवला. "बांधावर अजून तुमच्यापुढे भाकरी ठेवतात, बाबा."

राजाच्या डोळ्यांतला राग विझला आणि पाणी आलं. ते गालावरून हनुवटीवर ओघळलं, तिथला दगड मऊ पडला. मागून सगळी माणसं गरजली, "चिखलोबा!"

दगडी ओठ कष्टाने गोल झाला.

"ओ!" राजा म्हणाला. "आलो रे बाबांनो, आलो!"

तडातडा दगड फुटला आणि राजा सिंहासनावरून उतरला. सुटलेली बिरुदं घोंघावत आपल्या धन्याकडे गेली. बिरुदनाथ दारापर्यंत पळाला, तिथेच शिळा होऊन उभा राहिला. आता धोबी त्याच्यावर धोतरं वाळत घालतात. दवंडी मागे घेतली गेली. राजा त्याच पावली बांधावर गेला आणि आपल्यापुढची भाकरी खाऊन म्हणाला, "मीठ कमी आहे."

"आयतं खाऊन नावं ठिवतोय बघा!" कोंडाबाई म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने राजाच हसला.

पुढे यथाकाल रेणुमती गादीवर बसली. परमुलखाचे वकील 'महाराणी रेणुमतीदेवी' म्हणत मुजरे करत, आणि ती मान तुकवी. पण एकदा भरल्या दरबारात बाहेरून हाक आली, "अगं टोपलीताई, बांध झिरपतोय!"

वकील दचकले. राणी तोवर पदर खोचून उठलीही होती.

"ओ!" ती म्हणाली.