आधी तळलेला कडबू

ऐका बायांनो. तुमच्यातल्या कुणीतरी पाप आज करायचं ठरवलंय आणि माफीचा नैवेद्य आधीच तळून ठेवलाय. नाव मी घेत नाही. ऐक चुकामाई, तुझी कहाणी.

आटपाट नगर वसलं होतं. तिथं भिवराबाई राहायची. घरात मुलगा आणि सून येसू. नगरात चुकामाईचं व्रत होतं. हातून नकळत चूक घडली, की शुक्रवारी माईपुढं पुरणाचा कडबू ठेवावा, दिवा लावावा, चूक सांगावी. दिवा तेवला, तर चूक फिटली. कडबू देवळातल्या गुरवाला जाई.

भिवराबाई हुशार. ती कडबू सकाळी तळी, चूक दुपारी करी, तिन्हीसांजेला देवळात जाई.

पहिल्या शुक्रवारी तिनं विकायच्या दुधात पाणी घातलं. मग माईला म्हणाली, नकळत पडलं. दिवा विझला. म्हणाली, वारा आहे. दुसऱ्या शुक्रवारी शेजारणीचा भोपळा तोडला. मग म्हणाली, आपलाच वाटला. दिवा विझला. म्हणाली, तेल पातळ आहे. तिसऱ्या शुक्रवारी नैवेद्याची बासुंदी प्यायली, आणि बोट सुनेकडं दाखवलं.

मुलगा संतापला. देवीचं उष्टं करणारी घरात नको म्हणाला. येसूला ना आई, ना बाप. जाणार कुठं? मग ती देवळात येऊन रडत बसली. मागोमाग मुलाला घेऊन भिवराबाई आली. सुनेच्या वतीनं कडबू ठेवला, म्हणाली, पोरीकडून नकळत झालं. दिवा विझला. म्हणाली, वात सुनेनं वळली.

मग माई म्हातारीचं रूप घेऊन आली.

"कडबू कधी तळलास, बाई?"

"सकाळी."

"आणि बासुंदी कधी संपली?"

"दुपारी."

"मग सून दुपारी चुकणार, हे तुला सकाळी कसं कळलं?"

भिवराबाईनं दिव्याकडं पाहिलं, वातीकडं पाहिलं. सबब शोधली, सापडेना. मग म्हणाली, "मी प्यायले. ठरवून प्यायले. मन मला फसवत होतं, आणि मी त्याला पाट मांडून देत होते."

विझलेला दिवा आपसूक पेटला. मुलानं येसूची माफी मागितली. तिनं त्याला आधी बासुंदीचं पातेलं घासायला लावलं, मग घरी गेली.

भिवराबाईला जसं आपलं मन उमगलं, तसं तुम्हाआम्हाला उमगो. साठ सबबींची कहाणी एका कबुलीत सुफळ झाली. सगळ्यांना पावली, एका गुरवाला सोडून. पुढच्या शुक्रवारी बाया खरं सांगायला रिकाम्या हातांनी आल्या, तेव्हा तो माईकडं बघून म्हणाला, "तुझं भागलं गं, पण मी जेवू काय?"