उजवा हात डोक्यावर

९ डिसेंबर. आभाळ भरलेले, वारा बोचरा. आदल्या दिवशी सभापती रंगराव मोहित्यांच्या मोटारसायकलखाली भाजीवाली हौसाबाई चिरडून मेली होती, आणि आज फौजदार बेड्या घेऊन, ती गाडी नुकतीच दुरुस्त करून दिलेल्या मेकॅनिक दिलावरच्या गॅरेजात उभे होते.

“यानंच इंजिन बिघडवलं!” रंगराव गरजले. “मी उजव्या मुठीतला ॲक्सिलेटर पिळलासुद्धा नव्हता. गाडी आपोआप उसळली आणि म्हातारीवर गेली.”

दिलावरने तिथे आणलेली गाडी सुरू केली. उभ्या गाडीचा आवाज खरोखरच वरखाली होत होता. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारे रबर चिरले होते, तिथून हवा आत शिरत होती. चिरेवर ओले फडके दाबताच आवाज एकसारखा झाला. काढताच पुन्हा हेलकावे.

“बघा, यानंच बिघाड दाखवला!” रंगराव म्हणाले.

 दिलावर जाऊन पुढच्या चाकासमोर उभा राहिला.

“बसा गाडीवर, सभापती. पहिला गिअर टाका, उजवा हात डोक्यावर ठेवा आणि क्लच सोडा. आपोआप उसळते ना? मग घाला माझ्या अंगावर.”

“बसा,” फौजदार म्हणाले.

रंगरावांनी क्लच सोडला. गाडीने गचका खाल्ला आणि जागीच बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. “म्हणजे मूठ पिळल्याशिवाय ही जागची हलत नाही,” फौजदार म्हणाले.

गाडी जप्त झाली. बेड्या रंगरावांना घातल्या.