पायपुसणं नसलेलं संग्रहालय

चपला काढू नका, पाहुणे. पाय झटकूही नका, तसेच आत या. दाराशी पायपुसणं नाही म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आधी ही हकिगत सांगतो, मग संग्रहालय दाखवतो.

आमच्या तांबरेवाडीचं हे संग्रहालय फार जुनं. नांगर, धान्याची मापं, जाती, तुतारी, सगळं गावानंच आणून ठेवलेलं. झाडलोटीला तेव्हा यसाबाई कुंभार होती. तिच्या बापाचं मडकी घडवायचं चाकही इथंच मांडलेलं. बाप गेल्यावर तेवढंच काय ते तिचं माहेर उरलं होतं, असं सांगतात.

एके वर्षी सरकारी निरोप आला. साहेब तपासणीला येणार, निगा नीट नसेल तर सगळं सामान शहरात हलवणार. यसाबाईनं सारं लखलखीत पुसलं आणि पुन्हा मळू नये म्हणून महिनाभर दाराला कुलूप घातलं; रोज एकटीच आत जाऊन पुसायची. चाक फिरवायला आलेली पोरंसुद्धा झाडू उगारून हाकलली. चुकलीच बाई, पण काळजीपोटी चुकली.

साहेब आले. चाकावरून बोट फिरवलं, तर धुळीचा कण नाही.

"इथं कुणी येतच नाही वाटतं," ते म्हणाले. "मग हे ठेवायचं कुणासाठी?" आणि सामान हलवण्याचा हुकूम लिहायला बसले.

यसाबाई अनवाणीच खळ्याकडं धावली म्हणे. तिथं ज्वारीची मळणी चालली होती. "आरं, चला की रं! माझ्या बाचं चाक न्यायला लागल्यात!"

हातातली सुपं टाकून अख्खं गाव तसंच मातीच्या पायांनी आत शिरलं. म्हातारे आपापली मापं ओळखून नातवंडांना दाखवू लागले, बाया जात्यांपाशी बसल्या, पोरांनी चाक गरागरा फिरवलं. असा धुरळा उठला, की साहेबांना सात शिंका आल्या. यसाबाई कोपऱ्यात उभी राहून रडत होती. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, हुकूम फाडला आणि शेरेबुकात एक शेरा लिहिला.

तेव्हापासून इथं पायपुसणं ठेवत नाहीत. झाडू मारतो, पण दिवस मावळताना, आणि केर भरपूर निघाला की आम्हाला बरं वाटतं.

तो शेरा आजही समोरच्या भिंतीवर चौकटीत आहे. वाचा की मोठ्यानं: "संग्रहालय अत्यंत अस्वच्छ आहे. चालू ठेवावे."