गोचिडी मोजणाऱ्या बाई

"पण बाई, चाळीस वर्षांत तुम्ही लस का नाही शोधलीत?"

सुमतीबाई केणी रानाच्या तोंडाशी उभ्या राहून पँटचे पाय मोज्यांत खोचत होत्या. सत्तरी उलटलेली. माकडताप पसरवणाऱ्या गोचिडींचा अभ्यास करण्यात उभा जन्म गेलेला.

विचारणारा शंतनू तगारे परदेशात विषाणूशास्त्र शिकून आला होता. नव्या लसीचं काम त्याच्याकडे होतं. आधी बाईंना भेटून ये, असं वरिष्ठांनी बजावलं, म्हणून तो इथवर आला होता.

बाईंनी पांढरं फडकं उलगडलं. एक टोक त्याच्या हातात दिलं.

"ओढ. हळू. पाचोळ्यावरून."

ही काजूच्या बागांकडे जाणारी वाट. माघात तिच्या कडेला माकड मरून पडलं आणि त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरल्या. बाईंनी तिथं औषध मारून घेतलं. तेव्हापासून वाट बंद होती. गेल्या साली याच तापानं गावातली चार माणसं गेली होती.

दहा पावलं. बाई वाकल्या, गोचीड चिकटलीय का ते फडकं उलटून पालटून पाहिलं. पुन्हा दहा पावलं.

उन्हं चढली. शंतनूच्या कमरेत कळ आली.

वाट संपली. फडकं कोरं.

"एकही नाही," तो म्हणाला. "सकाळ वाया गेली."

…

बाईंनी वही उघडली. तारीख घातली. पुढे एक शून्य काढलं, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखं गोल.

त्याच्या वर आणखी तीन शून्यं होती, तीन आठवड्यांची. त्यांच्या वरचे आकडे मोठे होते.

"काही मिळालंच नाही, तर लिहायचं काय त्यात?"

बाई बांधाकडे बघत होत्या. तिथं सत्यवती गवस बसली होती, शेजारी रिकामी टोपली. गेलेल्या चौघांत तिचा नवरा होता.

"बाईनू, जांव काय आज?" तिनं बसल्या जागेवरून विचारलं.

"जा. पायांना तेल लावून जा. आणि घरी आल्यावर आधी गरम पाण्यानं आंघोळ."

सत्यवतीनं तेल चोळलं. वाटेच्या तोंडाशी थबकली… मग पदर खोचून आत गेली.

थोड्या वेळानं आतून टोपलीत काजूची बोंडं पडल्याचा आवाज आला. एक. मग दोन. मग भराभर.

शंतनू कितीतरी वेळ ऐकत राहिला.

"लस येईल, बाई," तो अखेर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "दोन वर्षांत येईल."

"येऊ दे. मी वाट बघतेय तिची."

"आणि… तोवर?"

बाई चालू लागल्या होत्या.

"पलीकडची वाट अजून बंद आहे."