साळूची लेक सुखरूप सुटली

त्या वर्षी विमलनाथ महाराज देवखेडच्या चिंचेखाली उतरले होते. साळू कुंभारीण रोज त्यांच्यापुढे पाण्याची घागर ठेवी, नमस्कार करी आणि कामाला लागे. दोन शब्द बोलायचीही तिला भीड वाटे.

तिची लेक कौतिका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पहाटे कळा सुरू झाल्या. ऊन चढले तरी सुटका होईना. सुईण म्हणाली, "मूल आडवं आलंय. हे माझ्या हातचं नाही. तालुक्याला डॉक्टरीणबाईंकडे न्या."

धावती बैलजोडी गावात एकट्या आबाजी पाटलांची. ते सकाळपासून चिंचेखालीच बसले होते. साळूने पदर पसरला. "मालक, गाडी द्या. पोरगी जाईल हो माझी."

पाटील हसले. "रोज घागर कुणाला वाहतेस? त्यांनाच सांग की. काय करतात ते बघितल्याशिवाय मी इथून हलत नाही."

साळूने महाराजांकडे पाहून हात जोडले. महाराजच म्हणाले, "माय, लेकीला बाजेवर घाल आणि तालुक्याची वाट धर. बाई भेटतील." आणि त्यांनी डोळे मिटले.

भाऊबंदांनी बाज खांद्यावर घेतली. साळूच्या हातातला कौतिकाचा हात गार पडत चालला होता. शिवेवरचा ओढा ओलांडतात तोच समोरून टांगा आला. आत डॉक्टरीणबाई!

"अडलेली पोर हीच ना?" त्यांनी विचारले. रस्त्याकडेच्या आंब्याखाली लुगड्यांचा आडोसा करून बाईंनी मूल पोटातच फिरवून घेतले. साळू लेकीचे डोके मांडीवर घेऊन नुसते देवाचे नाव घेत होती. मग मूल रडले, आणि पाठोपाठ कौतिकाने पाणी मागितले. तेव्हा कुठे साळूला हुंदका फुटला.

"बाई, तुम्हाला सांगावा कुणी दिला?"

"घोंगडी पांघरलेले एक बुवा आले होते. डाव्या डोळ्यात फूल पडलेले. देवखेडची पोर अडलीय, नीघ, म्हणाले."

मंडळी गावात परतली. महाराजांना पाहताच बाई थबकल्या. "हेच ते!"

"कसं शक्य आहे?" पाटील उठून म्हणाले. "सकाळपासून मी यांच्यासमोर आहे. हे जागचे हलले नाहीत..." आणि बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली गेला.

महाराज शांतपणे म्हणाले, "पाटील, बाईंच्या हाताला गुण देवानंच दिलाय. लेकीबाळींना तिथवर पोचवायचं, एवढंच आपल्याकडे ठेवलंय. तेही कुणी करेना, मग त्यालाच निघावं लागतं."

पाटलांनी पागोटे काढून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी बाजेकडे बोट दाखवले. पाटील उठले, आणि कुंभारणीपुढे हात जोडून वाकले. "चुकलो मी!" ते मोठ्याने म्हणाले.

"हळू, मालक," साळू कुजबुजली. "पोरीचा आत्ताच डोळा लागलाय."