मिटल्या डोळ्यांची पायरी

एकदा एक मठ तहानेला झाला. जुना आड आटला, म्हणून महंतांनी अंगणात विहीर खणायला घेतली आणि यल्लप्पा नावाच्या म्हाताऱ्या विहीरकऱ्याला बोलावलं. त्याच्या हाताखाली मठातला एक तरुण शिष्य खाली उतरला.

आधी काळा पाषाण लागला. त्याखाली परसभर, म्हणजे हात वर केलेल्या माणसाएवढा, लाल मातीचा थर. मग पुन्हा पाषाण, पुन्हा लाल माती. असं तीनदा.

"बाबा, पाषाणाच्या पोटात ही माती कुठून आली?"

"काळा दगडच कुजून माती होतो, पोरा. उघडा पडून, ऊनपाऊस खाऊन. मग वरून तापलेला दगड वाहत आला. मातीचा वरचा थर बघ, विटेसारखा भाजलाय."

"याला वर्षं किती लागली?"

"ते वर विचार," म्हातारा म्हणाला आणि त्याने पहार उचलली.

शिष्याने वर विचारलं. मठाची पोथी सांगे, सहा हजार वर्षांपूर्वी एका प्रभाती पृथ्वी आज आहे तशीच निर्माण झाली. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की शिक्षा सुचते. महंत म्हणाले, "उद्या सभेत मठाच्या दारातल्या पहिल्या पायरीवर नाक घास आणि पोथी खरी म्हण. नाहीतर झोळी उचल."

शिष्याला मठाबाहेर घर नव्हतं.

त्या पायरीचा मान मोठा. आद्य महंतांनी नऊशे वर्षांपूर्वी ती स्वतः घडवली, असा लौकिक. तिच्यावर कुणी पाय देत नसे. सगळे आधी डोकं टेकवत, तेही डोळे मिटून, आणि मग ओलांडून जात.

सभा भरली. शिष्याने यल्लप्पाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही तरी सांगा यांना."

"घास की नाक," म्हातारा शांतपणे म्हणाला. "डोळे तेवढे उघडे ठेव."

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारे सगळे एकाच माळेचे मणी, असं मनात म्हणत तो वाकला.

नाकासमोर छिन्नीचे घाव होते. एकेक घाव धारदार, कालच मारल्यासारखा. त्याने त्यांवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नाक न घासताच तो उठला. तो हसत होता.

"महाराज, ही पायरी इथल्याच काळ्या पाषाणाची ना?"

"अर्थात."

"आणि नऊशे वर्षं उघड्यावर?"

"नऊशे पावसाळे झेललेत तिने," महंत अभिमानाने म्हणाले.

"तरी ती नखभर कुजली नाही. विहिरीत तोच पाषाण परसभर कुजलाय, एकदा नाही, तीनदा. हे सगळं सहा हजार वर्षांत कसं बसवू?"

महंत म्हणाले, "ईश्वराने माती कुजलेलीच घडवली. तुझ्यासारख्यांची परीक्षा पाहायला."

"म्हणजे ईश्वर फसवतो, असं तुमचं म्हणणं. माझं नव्हे."

तेव्हा यल्लप्पा उठला. "महाराज, पोथी माणसाच्या हातची. ज्याला जेवढं दिसलं, तेवढं त्याने लिहिलं. दगड मात्र ईश्वराच्या हातचा, हे तुम्हीच सांगता. मग त्याची साक्ष ऐकायला भ्यायचं कशाला? ईश्वर लहान होत नाही. आपला हिशेबच तोकडा होता."

"हे ठाऊक होतं, तर इतकी वर्षं गप्प का बसलात?" शिष्याने सगळ्यांदेखत विचारलं.

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "मठाचं काम जाईल म्हणून. तुझं तर घर जात होतं, तरी तू विचारलंस."

महंत आसनावरून उतरले. पायरीपाशी बसले, वाकले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिथे डोळे उघडे ठेवले. बराच वेळ त्यांचं बोट एका घावात होतं.

मग ते म्हणाले, "विहिरीत उतरायला दोर आहे का?"

शिष्य दोर आणायला धावला. झोळी खुंटीवरच राहिली.

डोकं हवं तिथे टेकवा, फक्त डोळे मिटू नका.