कट्ट्यावरचं पाणी

"सुटली म्हणजे सुटली की, बाबा! मग दर गुरुवारी हितं येऊन बसायचं कशाला?"

भैरू गवंडी तोऱ्यातच विचारत होता. व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढून तो परवाच गावी आला होता. प्रमाणपत्राला प्लास्टिकसुद्धा चढवून आणलं होतं. बायको मुलीला घेऊन माहेराहून परतली होती, पण पुन्हा घसरलास तर कायमची जाईन, असं तिनं बजावलं होतं.

दर गुरुवारी दर्ग्याच्या ओसरीत, फकीर अमीनबाबांजवळ, दारू सोडलेली माणसं जमत. त्यांच्यात बसणं भैरूला कमीपणाचं वाटत होतं.

बाबांनी प्रमाणपत्र सावकाश वाचलं आणि परत दिलं.

"छान. लिंबाखालचा कट्टा ढासळलाय. तेवढा बांधून देशील?"

हे तर भैरूच्या हातचा मळ. दोन दिवसांत कट्टा उभा राहिला. काठ असे सरळ की बघत राहावं. दारू सुटल्यावर हात पुन्हा पूर्वीसारखा चालत होता, आणि त्याचा त्याला फार आनंद झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळीच तो बादली घेऊन हजर झाला.

बाबांनी कट्ट्यावर मूठ आपटून पाहिली. टणक होता.

"काम तर संपलं. आता पाणी कशाला?"

भैरूला हसू आलं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही कळू नये!

"आसं कसं, बाबा? वरनं कडक दिसतंय, पर आतनं कच्चंच असतंय. रोज पाणी मारावं लागतं. आत्ताच सोडून दिलं, तर कितीबी झ्याक बांधलेलं असू दे, भेगा..."

तो मध्येच थांबला.



भैरूनं बादली खाली ठेवली. तो तिथंच उकिडवा बसला.

"काल गुत्त्याम्होरनं जाताना पाय थबकला माझा..." तो म्हणाला. "घरात सांगितलं न्हाई. लई भ्यालो, बाबा."

"हं."

"कट्ट्याला पंधरा दिवस पाणी लागतं. मला किती दिवस?"

बाबांनी रांजणातून तांब्या भरून घेतला.

"मी सोडली त्याला सव्वीस वर्षं झाली. दर गुरुवारी मी कुणासाठी बसतो, वाटलं तुला? ...ऊठ. तू तिकडून मार, मी इकडून मारतो."